बंडाआधीची बारा वर्षे

न्यू यॉर्कमध्ये बोलिंग ग्रीन नावाचा एक लहानसा चौक आहे. १७७० साली तिथे राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा बसवला गेला. पुतळा शिशाचा होता आणि वर सोन्याचा मुलामा होता. स्टॅम्प कायदा रद्द झाला म्हणून वसाहतीने आपल्या राजाविषयी दाखवलेली ती कृतज्ञता होती. ९ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियाहून आलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा शहरात वाचून दाखवण्यात आला, आणि त्याच संध्याकाळी जमावाने दोर लावून तो पुतळा खाली ओढला. त्याचे बरेचसे शिसे कनेक्टिकटला नेऊन वितळवले आणि त्यातून बंदुकीच्या गोळ्या पाडल्या. हे सगळे सहा वर्षांत घडले.

राजाचा पुतळा उभारणारी माणसे त्याच राजावर बंदूक रोखण्यापर्यंत कशी आली, हा या संग्रहाचा विषय आहे. मराठी वाचकाला याचे एक उत्तर शाळेपासून पाठ असते. इंग्लंडने जाचक कर लादले, बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध झाले आणि वॉशिंग्टन जिंकला. यातला कोणताही भाग खोटा नाही, तरी या उत्तराने फारसा उलगडा होत नाही. वसाहतींवरचे कर खुद्द इंग्लंडमधल्या माणसावरच्या करांपेक्षा कितीतरी हलके होते. जमीन मुबलक होती, खाणेपिणे युरोपातल्या शेतकऱ्यापेक्षा चांगले होते आणि गोऱ्या पुरुषांपैकी जितक्यांना तिथे मताचा अधिकार होता तितक्यांना तो इंग्लंडमध्ये नव्हता. पिचलेली माणसे बंड करतात हा आपला साधा अंदाज इथे लागू पडत नाही. म्हणून कारणे शोधायची तर कराच्या रकमेच्या पलीकडे जावे लागते.

आधी या वसाहती काय होत्या ते पाहू. १७०० च्या सुमारास तिथे अडीच लाखांच्या आसपास वस्ती होती. १७७५ पर्यंत ती दहापट होऊन पंचवीस लाखांवर गेली. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा आणि त्यांच्या वंशजांचा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये लहान शेतकरी आणि मच्छीमार, पेनसिल्व्हेनियात क्वेकर व्यापारी आणि जर्मन कुणबी, व्हर्जिनियात तंबाखूचे मळेवाले, दक्षिण कॅरोलिनात भात आणि निळीची शेती. या तेरा वसाहतींचे आपसांत फारसे पटत नव्हते आणि त्यांचे व्यवहार एकमेकींपेक्षा लंडनशीच जास्त होते. मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. प्रत्येक वसाहतीची स्वतःची निवडलेली सभा होती, आणि कर बसवायचा तर तो या सभेनेच, असा शिरस्ता पडला होता. व्हर्जिनियाची सभा १६१९ ची, म्हणजे १७६५ साली ती जवळपास दीडशे वर्षांची झालेली होती. लंडनहून आलेल्या गव्हर्नरचा पगारसुद्धा बहुतेक ठिकाणी हीच सभा मंजूर करी. सागरी व्यापारावर इंग्लंडचे कायदे १६५१ पासून होते, पण त्यांची अंमलबजावणी सैल होती. फ्रेंच बेटांवरून चोरून मळी आणायची, तिची रम गाळायची, जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडे ठेवायचे, हे न्यू इंग्लंडच्या बंदरांत राजरोस चाले.

१७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धाने ही घडी मोडली. युद्ध इंग्लंडने जिंकले, पण राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. जिंकलेल्या मुलखावर सुमारे दहा हजार शिपाई ठेवायचे ठरले आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा असे पंतप्रधान ग्रेनव्हिल यांना वाटले. लंडनच्या बाजूने पाहिले तर ही मागणी अवाजवी नव्हती, आणि ते वाचकाने लक्षात ठेवावे. पण ती आली तीच बंधनांची रांग घेऊन. १७६३ च्या ऑक्टोबरातल्या शाही फर्मानाने अॅपलेशियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायला बंदी केली. १७६४ च्या साखर कायद्याने मळीवरची जकात गॅलनला सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. जकात निम्मी झाली, पण या वेळी ती खरोखर वसूल होणार होती, आणि जकातचोरीचे खटले ज्युरी नसलेल्या नौदल न्यायालयांत चालवता येणार होते. त्याच वर्षी वसाहतींना कायदेशीर चलन म्हणून कागदी पैसा काढण्याची मनाई झाली. नाणे आधीच दुर्मिळ होते. युद्ध संपल्यावर व्यापारही मंदावला होता.

मग १७६५ चा स्टॅम्प कायदा आला. त्याची दरसूची पाहिली की तो कुणाकुणाच्या खिशाला हात घालत होता ते कळते. दस्तऐवज, खरेदीखत, दावा, मृत्युपत्र, जहाजाचे कागद, पंचांग आणि वर्तमानपत्र या सगळ्यांना लंडनहून छापून आलेला शिक्क्याचा कागद हवा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला दोन शिलिंग, महाविद्यालयाच्या पदवीला दोन पौंड, पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा. एका झटक्यात वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळीत पत्ते कुटणारे खलाशी एका बाजूला आले. यातले पहिले दोन वर्ग लिहिण्या-बोलण्यावर जगणारे होते आणि वर्तमानपत्रे त्यांच्याच हातात होती. १४ ऑगस्टला बोस्टनमध्ये स्टॅम्प वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एका एल्मच्या झाडाला लटकवण्यात आला. संध्याकाळी एबेनेझर मॅकिंटॉश या चांभाराच्या पुढारीपणाखाली जमावाने ऑलिव्हरची एक इमारत पाडली, त्याच्या घरात घुसून मोडतोड केली, आणि दुसऱ्या दिवशी ऑलिव्हरने पद सोडण्याचे कबूल केले. हाच प्रकार वसाहतीवसाहतीत झाला. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा तो राबवायला जवळजवळ कुणी उरले नव्हते.

दंग्याच्या जोडीला युक्तिवाद होता, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. आमचा प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाही, तेव्हा पार्लमेंटला आमच्यावर कर बसवता येत नाही, असे वसाहती म्हणाल्या. लंडनने उत्तर दिले की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा सभासद नाही. पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. ज्या देशात प्रतिनिधित्व जुन्या रूढीने चालत आले होते, तिथे हे उत्तर पटण्यासारखे होते. पण मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला ते पटणे शक्य नव्हते, कारण त्याचा प्रतिनिधी त्याच्याच गावातला असे आणि गावसभा त्याला काय बोलायचे ते सांगून पाठवी. दोन्ही बाजू इंग्रजी राज्यघटनेचेच नाव घेत होत्या आणि दोघींच्या मनात वेगवेगळी राज्यघटना होती. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा करून ठेवला, की वसाहतींना सर्व बाबतींत बांधील असे कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे. बोलिंग ग्रीनच्या पुतळ्याची वर्गणी गोळा करणाऱ्यांनी या दुसऱ्या कायद्याकडे लक्ष दिले नाही.

१७६७ चे टाउनशेंडचे कर, मालावरचा बहिष्कार, ५ मार्च १७७० चा बोस्टनमधला गोळीबार आणि त्यातले पाच मृत्यू हा भाग अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, म्हणून इथे त्यावर थांबत नाही. चहावर मात्र थांबायला हवे, कारण ती गोष्ट आपल्या देशाशी बांधलेली आहे.

टाउनशेंडचे बाकीचे कर उठवले तरी चहावरचा पौंडाला तीन पेन्सचा कर ठेवला गेला, आणि तो केवळ हक्क शाबूत राहावा म्हणून. अमेरिकेत डच व्यापाऱ्यांचा चोरटा चहा भरपूर येत असल्याने त्यावर तंटा पेटला नव्हता. पेटला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या दिवाळखोरीने. कंपनीने बंगालची दिवाणी मिळवली, भागधारकांना वाढीव लाभांश वाटला, सरकारला दरवर्षी चार लाख पौंड देण्याचे कबूल केले. बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, लष्कराचा खर्च वाढला, आणि १७७२ मध्ये लंडनच्या बाजारात पत कोसळल्यावर कंपनी सरकारच्या दारात उभी राहिली. तिच्या वखारींत सुमारे पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चिनी चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने कंपनीला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले, भारतातल्या कारभारावर देखरेखीसाठी रेग्युलेटिंग अॅक्ट केला आणि चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा दिली. एकाच अधिवेशनात कलकत्ता आणि बोस्टन या दोन्ही शहरांचे भवितव्य बदलले, आणि दोन्हींमागे एकच हिशेब होता.

नव्या सवलतीने चहा स्वस्तच होणार होता, चोरट्या चहापेक्षाही. तरी विरोध झाला, कारण तो विकण्याचा मक्ता ठरावीक अडत्यांना मिळणार होता आणि स्वस्त चहा पितापिता तीन पेन्सचा हक्क मान्य झाला असता. बोस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. ‘डार्टमथ’ हे जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आले. नियमाप्रमाणे वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता, आणि गव्हर्नर जहाजाला परत जाण्याचा परवाना देईनात. १६ डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात आणि बाहेर सुमारे पाच हजार माणसे थांबली होती. जहाजाचे मालक रॉच परवान्याची शेवटची विनंती करायला गव्हर्नरांच्या गावी, मिल्टनला, गेले होते आणि अंधार पडल्यावर नकार घेऊन परतले. त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा पाण्यात टाकला गेला. ओहोटी होती. पाणी इतके उथळ होते की चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचले आणि पोरांना ते पायांनी आत ढकलावे लागले.

फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन यांचे म्हणून ओळखले जाणारे, टोपणनावाने लिहिलेले एक पत्र त्याच नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. कंपनीने बंगालमध्ये काय केले आणि दुष्काळात किती माणसे मेली हे सांगून त्यात वाचकांना बजावले होते की आता हिचा डोळा अमेरिकेवर आहे. बंगालच्या मृतांची आठवण अमेरिकेच्या बंडाच्या वाङ्मयात अशी नोंदलेली आहे, आणि मराठीत तिची दखल घेतलेली माझ्या वाचनात नाही.

पार्लमेंटने १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सचा कारभार आपल्या हाती घेतला. गव्हर्नरच्या परवानगीविना वर्षातून एकापेक्षा जास्त गावसभा भरवायची नाही, असा नियम झाला. बंदर बंद झाल्याची झळ शहराला बसली होती. गावसभेचा घाव खेड्याखेड्याला बसला. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर गावात साडेचार हजारांहून अधिक शेतकरी आपापल्या गावच्या तुकडीनिशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. राजाने नेमलेल्या न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना हॅट हातात घेऊन त्या रांगांमधून चालावे लागले आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जावे म्हणून आपला राजीनामा पुन्हा पुन्हा वाचावा लागला. कोर्ट भरले नाही. रक्त सांडले नाही. लेक्झिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते, आणि बोस्टनबाहेर राजाची सत्ता तोवर संपलेली होती. जॉन अॅडम्स यांनी म्हातारपणी लिहून ठेवले आहे की क्रांती युद्धाच्या आधीच लोकांच्या मनात झाली होती. वुस्टरचा रस्ता पाहिला की त्यांचे म्हणणे पटते.

पण कोणत्या लोकांच्या? व्हर्जिनियाचे मळेवाले लंडनच्या अडत्यांचे कर्जबाजारी होते आणि डोंगरापलीकडच्या जमिनीत त्यांचा पैसा गुंतला होता; वॉशिंग्टनही त्यांत होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या इडन्टनच्या ५१ बायकांनी १७७४ मध्ये बहिष्काराच्या ठरावावर स्वतःच्या सह्या केल्या. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोर मालकांच्या गुलामांना, ते राजाकडून लढतील तर, स्वातंत्र्य देऊ केले, आणि दक्षिणेतले काठावरचे कितीतरी मालक त्यामुळे बंडाच्या बाजूला गेले. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाला देणारा परिच्छेद जेफरसन यांनी जाहीरनाम्याच्या मसुद्यात लिहिला होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने तो गाळला. मूळनिवासी राष्ट्रांच्या दृष्टीने १७६३ चे फर्मान हा त्यांच्या जमिनीचा थोडाफार आधार होता, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी इंग्रजांची बाजू घेतली. राजनिष्ठ राहिलेल्या गोऱ्यांची संख्याही लहान नव्हती. युद्धानंतर सुमारे साठ हजार माणसे देश सोडून गेली. या सर्वांना एकाच कारणात बसवता येत नाही.

इतिहासकारांनी तसा प्रयत्न मात्र पुष्कळदा केला. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बँक्रॉफ्ट यांनी दहा खंडांत ही ईश्वराने योजलेली स्वातंत्र्याची वाटचाल म्हणून सांगितली. शतक पालटताना बीअर, अँड्र्यूज आणि पुढे पंधरा खंड लिहिणारे गिप्सन यांनी लंडनचे दप्तर उघडून साम्राज्याची बाजू मांडली. त्यांच्याचमुळे आपल्याला ग्रेनव्हिल यांची अडचण कळते. कार्ल बेकर यांनी १९०९ मध्ये न्यू यॉर्कचा अभ्यास करून म्हटले की भांडणे दोन होती, एक स्वराज्याचे आणि दुसरे घरात राज्य कुणी करायचे याचे. बिअर्ड आणि थोरले श्लेसिंजर यांनी आर्थिक हितसंबंध पुढे आणले. १९५३ मध्ये एडमंड आणि हेलन मॉर्गन यांनी स्टॅम्प कायद्यावरच्या पुस्तकात दाखवले की वसाहतींची तत्त्वे सोयीप्रमाणे बदलत नव्हती. बर्नार्ड बेलिन यांनी १९६७ मध्ये त्या काळच्या शेकडो पत्रिका वाचून सांगितले की सत्ता नेहमी स्वातंत्र्य गिळायला टपलेली असते ही भीती या माणसांच्या रक्तात भिनली होती, आणि म्हणूनच तीन पेन्समध्ये त्यांना गुलामीचा कट दिसला. यानंतर गॅरी नॅश आणि आल्फ्रेड यंग यांनी गोदीतल्या मजुरांकडे आणि चांभारांकडे, मेरी बेथ नॉर्टन यांनी स्त्रियांकडे, कॉलिन कॅलोवे यांनी मूळनिवासींकडे लक्ष वळवले. वुडी होल्टन यांनी १९९९ मध्ये व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना खालून किती रेटा होता ते दाखवले. अँड्र्यू ओशॉनेसी यांनी उलटा प्रश्न घेतला: अमेरिका खंडात आणि बेटांवर ब्रिटनच्या सव्वीस वसाहती होत्या, मग जमैका आणि बार्बाडोस का उठले नाहीत? तिथे गुलामांची संख्या मालकांच्या कितीतरी पट होती आणि मालकांना इंग्रजी फौज हवीच होती, हे त्याचे बरेचसे उत्तर आहे.

२०१९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या ‘१६१९’ प्रकल्पाने गुलामगिरी टिकवणे हे बंडाचे एक मुख्य कारण असल्याचे म्हटले. गॉर्डन वुड यांच्यासह काही ज्येष्ठ इतिहासकारांनी आक्षेप घेतला आणि पुढल्या वर्षी ते वाक्य ‘काही वसाहतवाल्यांच्या’ बाबतीत मर्यादित करण्यात आले. माझे मत असे, की १७६५ चे बोस्टन गुलामगिरीने समजत नाही आणि १७७५ ची व्हर्जिनिया तिच्याशिवाय समजत नाही. बेलिन यांचा युक्तिवाद मला अजूनही सर्वांत भक्कम वाटतो, पण मॅकिंटॉशसारखा चांभार रस्त्यावर का उतरला, हे त्यातून कळत नाही. ते नॅश यांच्याकडेच शिकावे लागते.

२०२६ मध्ये जाहीरनाम्याला अडीचशे वर्षे होतात. पण मराठीत हे पुस्तक हवे, त्याचे कारण ही वर्षपूर्ती नाही. अमेरिकेत युद्ध चालू होते त्याच वर्षांत मुंबईकर इंग्रज पुणे दरबाराशी लढत होते. १७७९ मध्ये वडगावला त्यांनी नामुष्कीचा करार केला आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. अमेरिकेत यॉर्कटाउनला हरलेले कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन भारतात आले आणि टिपूविरुद्ध पेशव्यांचे मित्र झाले. ज्या टॉमस पेन यांनी जानेवारी १७७६ मध्ये राजेशाहीवरच घाव घालून अमेरिकेला स्वातंत्र्याकडे ढकलले, त्यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ पुढे जोतीराव फुले यांच्या हाती आले. जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, ती तिथली गुलामी नाहीशी केल्याबद्दल. १७७६ ने जे काम अर्धवट सोडले ते कोणते, हे त्यांना अचूक दिसले होते. प्रतिनिधी म्हणजे कोण, कर बसवण्याचा हक्क कशातून येतो, दूरच्या सरकारने गावाचा कारभार कुठवर करावा, हे प्रश्न आपल्या ग्रामसभांत आणि महापालिकांत आजही उभे आहेत.

या संग्रहातले लेखक एकाच पंथाचे नाहीत, आणि त्यांना एका मतावर आणण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. १७६३ ते १७७५ ही मर्यादा पाळली आहे. युद्धाचा इतिहास इथे मिळणार नाही. कायदे त्यांच्या कलमांसह, दर त्यांच्या आकड्यांसह दिले आहेत, कारण ‘जाचक कर’ हे विशेषण वाचकाने स्वतः तपासावे अशी आमची इच्छा आहे. राजनिष्ठांना स्वतंत्र जागा दिली आहे. हचिन्सन यांच्यासारखा मॅसॅच्युसेट्सच्याच मातीतला, त्या वसाहतीचा इतिहास लिहिणारा माणूस दुसऱ्या बाजूला का राहिला, हे कळल्याशिवाय पहिली बाजूही कळत नाही.

लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतील. मात्र त्याआधी परिशिष्टात अनुवादित केलेला जाहीरनामा संपूर्ण वाचावा, केवळ त्याची प्रसिद्ध सुरुवात नव्हे. तिच्यानंतर राजाविरुद्धच्या सत्तावीस तक्रारी आहेत. प्रत्येक तक्रारीपुढे ती कुणाची होती आणि कुणाची नव्हती हे पेन्सिलीने लिहावे, आणि मग पहिला लेख उघडावा.